खोडांतील पाण्याचा चढ

पाणी ओढून घेणारा पंप फार तर ३३ फुटांवरून तें उचलूं शकतो. कोंकणांतला माड साठ फुटांवरच्या झावळ्यांना पाणी पोंचवितो, आणि तेंहि बिनबोभाट. खोडांत असें कोणतें यंत्र आहे, या प्रश्नानें विद्वानांना जवळजवळ अडीच शतकें झुलविलें.

टेडिंग्टनचे धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनीं या प्रश्नाला मोजपट्टी लावली. (घोड्याच्या रक्ताचा दाब मोजणारे ते हेच गृहस्थ.) त्यांनीं द्राक्षवेल छाटून उरलेल्या बुंध्यावर कांचेच्या नळ्या बसविल्या, रस २१ फूट चढला. हे प्रयोग १७२७ सालीं प्रसिद्ध झाले. पण वेलीला भरपूर पानें आलीं कीं मुळांचा हा जोर ओसरतो, आणि पाण्याची खरी गरज तर तेव्हांच! पानांतून उडून जाणारें पाणी खालचें पाणी ओढतें, हें हेल्स यांना दिसलें होतें. ही ओढ इतक्या उंचीवर टिकते कशी, तें उलगडलें नाहीं.

खोड आडवें कापलें तर सालीच्या आंत काष्ठ लागतें. त्यांतील पाणी वाहणाऱ्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात. जीव गेल्यावर उरलेल्या नुसत्या भिंती. शेजारच्या जिवंत पेशी पाणी चढवीत असाव्यात, असा पुष्कळांचा तर्क होता. बॉन येथील स्ट्रासबुर्गर यांनीं झाडें बुडाशीं कापून विषारी द्रवांत उभीं केलीं. वाटेंतील जिवंत पेशी विषानें मेल्या, तरी द्रव चढतच राहिला. ही गोष्ट १८९१ ची. १८९५ मध्यें डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनीं तिचा अर्थ लावला: पाण्याचे कण परस्परांना इतके घट्ट धरून असतात कीं पानाशीं वाफ होऊन गेलेल्या कणामागें खालची सारी ओळ दोरासारखी ओढली जाते.

मग १९२३ मध्यें जगदीशचंद्र बोस यांचा ग्रंथ आला. सालीच्या आंतल्या थरांतील जिवंत पेशी हृदयासारख्या स्पंदन पावून रस वर ढकलतात, असें त्यांनीं आपल्या नाजूक विद्युत्-उपकरणांच्या आधारें मांडलें. गोऱ्यांहून कमी पगार नाकारून तीन वर्षें बिनपगारी शिकविणारा हा मानी पुरुष! वर्गांत त्यांचें नांव घेतलें कीं मुलांचे चेहरे उजळतात. पुढची हकीकत सांगणें मला दर वर्षीं जड जातें. बॉनचें तें मेलेलें खोड त्यांच्या मताच्या आड येत राहिलें.

१९६५ सालीं शोलांडर यांनीं उंच वृक्षांच्या डहाळ्या बंदुकीनें पाडून त्यांतील पाण्याचा ताण मोजला. वरच्या डहाळ्यांत तो अधिक भरला. डिक्सन-जोली यांच्या मताला बळकटी आली. जगदीशचंद्रांना जाऊन त्या वेळीं २८ वर्षें झालीं होतीं.