चांद्याचे तलाव

चांदा म्हटले की कोळसा, साग आणि वाघ एवढेच पुष्कळांना आठवते. आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा इतिहास मात्र तलावांच्या पाळीवरून पाहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

गोंड राजा हीरशहा याच्याविषयी परंपरा अशी सांगते की, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम मिळे. ह्या अटीतले शहाणपण पाहा! बक्षीस पाळीच्या उंचीला नव्हते, भिजलेल्या शेताला होते. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी लोकांनी ही विद्या विशेष जोपासली.

पाऊस येथे पन्नास इंचांच्या आसपास, पूर्वेकडे अधिकच. मग तलाव कशाला? कारण धान बेरजेवर पिकत नाही. रोवणीच्या वेळी उघडीप पडली, किंवा लोंबी भरताना हस्ताने हात आखडला, की वर्ष गेले. त्या वेळी तलावाचे एक पाणी पीक तारते. म्हणून उंचवट्यावर लवकर येणारे हलके धान, खोलगट बांधीत उशिराचे भारी धान. आणि कोणाच्या बांधीत पाणी केव्हा सोडावयाचे, हे पाणकर पाही.

१९५१ साली मालगुजारी संपली. ती संपली हे योग्यच झाले. पाळीवरची कित्येक माती वेठीची होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि दरसालची डागडुजी कोणाचीच उरली नाही. गाळ साचत गेला. इकडे पावसाची चाल बदलली. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले. उथळ झालेल्या तलावात ती सर मावत नाही, आणि पुढच्या उघडिपीत द्यावयास पाणी राहत नाही.

पारखी नजर मात्र तलावांबरोबर बुजली नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल-३’ धानाच्या शेतात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या. त्यातून झालेल्या वाणाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव मिळाले: एच.एम.टी. हे बियाणे अनेक राज्यांत पसरले. दादाजी २०१८ साली वारले. त्यांची स्वतःची जमीन जेमतेम दीड एकर होती.