पावसातून उतरलेला साक्षीदार : बेरिलियम-१० आणि अँडेसाइटचा वाद (थ्रेड)

१/ समुद्रतळावर साचलेला गाळ पृथ्वीच्या पोटात शंभर किलोमीटर खोल उतरून ज्वालामुखीच्या मुखातून पुन्हा वर येतो काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नावर भूवैज्ञानिकांमध्ये सुमारे दोन दशके वाद चालला. १९८२ साली ज्या पुराव्याने त्याचे पारडे झुकवले, तो पुरावा आकाशातून पावसाबरोबर पडला होता. त्या वादाचा हा इतिहास.

२/ आरंभ एका नावापासून करावा लागतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगेत आढळणाऱ्या एका ज्वालामुखीजन्य खडकाला जर्मन भूवैज्ञानिक लिओपोल्ड फॉन बुख यांनी १८३० च्या दशकात ‘अँडेसाइट’ हे नाव दिले. बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण साधारण ४५ ते ५२ टक्के असते, तर अँडेसाइटमध्ये ते ५७ ते ६३ टक्के. हा फरक लहान भासतो, परंतु सिलिका वाढली की शिलारस घट्ट होतो, त्यातील वायूला सहज वाट मिळत नाही आणि उद्रेक स्फोटक बनतो.

३/ महाराष्ट्राला परिचित असलेला सह्याद्रीचा काळा कातळ बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा भेगांतून वाहत दूरवर पसरला आणि थरांवर थर चढून दख्खनचे पठार घडले. अँडेसाइटच्या प्रदेशांत चित्र निराळे दिसते : उंच, निमुळते शंकू आणि राखेचे प्रचंड लोट.

४/ हे दोन प्रकार पृथ्वीवर वाटेल तसे विखुरलेले नाहीत. न्यूझीलंडचे भूवैज्ञानिक पॅट्रिक मार्शल यांनी १९१० च्या दशकात पॅसिफिक महासागराभोवती एक सीमा दाखवून दिली. तिच्या आत हवाईसारखी बेसाल्टची बेटे, तर कडेने जपान, फिलिपिन्स, न्यूझीलंड आणि अँडीज येथे अँडेसाइट. पुढे ती ‘अँडेसाइट रेषा’ म्हणून ओळखली गेली. रेषा आखली गेली. कारण मात्र अज्ञातच राहिले.

५/ कारणाचा पहिला धागा भूकंपांनी दिला. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियू वादाती यांनी १९२८ साली शेकडो किलोमीटर खोलीवर होणारे भूकंप सिद्ध केले. जपानच्या पूर्वेकडील सागरी गर्तेपासून पश्चिमेकडे जावे, तसे हे भूकंप अधिकाधिक खोल होत जातात, हेही पुढे त्यांनी दाखवले. १९६० च्या दशकात भूपट्ट सिद्धान्त आला आणि या उताराचा अर्थ लागला : तेथे सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकत आहे. यालाच अधोगमन म्हणतात.

६/ येथे एक कोडे उभे राहिले. खाली जाणारा भूपट्ट तुलनेने थंड असतो. मग त्याच्याच वर खडक वितळतो कसा? उत्तर पाण्यात सापडले. सागरी भूपट्टाच्या खनिजांत पाणी बांधलेले असते. खोल जाताना दाब आणि तापमान वाढते, ते पाणी सुटते आणि वरच्या तप्त प्रावरणात शिरते. कुल्फीच्या पिंपात मीठ टाकले की बर्फ शून्याखालच्या तापमानालाही वितळू लागतो. त्याचप्रमाणे पाणी प्रावरणातील खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली आणते. त्या शिलारसातून वर येताना काही स्फटिक मागे राहतात, त्यात भूकवचातील द्रव्य मिसळते आणि सिलिका वाढत जाते.

७/ या प्रक्रियेचा ठसा खडकाच्या रसायनात उमटतो. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसे ही मूलद्रव्ये त्या द्रवाबरोबर सहज प्रवास करतात. नायोबियम आणि टँटलम मागेच अडून राहतात. म्हणून अधोगमनाच्या ज्वालामुखींतील लाव्हात पहिला गट भरपूर, दुसरा गट तुटपुंजा. प्रयोगशाळेत हा नमुना दिसताच खडकाचे कुळ ओळखता येते.

८/ पाणी मान्य झाले. परंतु गाळाचे काय? अमेरिकी भूवैज्ञानिक रॉबर्ट कोट्स यांनी १९६२ साली अल्यूशियन बेटांच्या अभ्यासातून सागरी गाळही खाली जात असावा, असे सुचवले होते. आक्षेप दोन होते. हलका गाळ गर्तेच्या काठावरच खरवडला जाईल, हा पहिला. शिसे वा स्ट्रॉन्शियम यांच्या समस्थानिकांत जी खूण दिसते, ती शिलारसाने वर येताना जुन्या भूकवचातूनही उचलली असेल, हा दुसरा. एकाच पुराव्याचे दोन अर्थ निघत होते.

९/ म्हणजे केवळ कोवळ्या गाळातच सापडेल, असा साक्षीदार हवा होता. तो होता बेरिलियम-१०. विश्वकिरण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजनच्या अणूंवर आदळले की हे किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होते. ते पावसाबरोबर खाली येते आणि समुद्रतळाच्या गाळात बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे. कोट्यवधी वर्षांच्या जुन्या भूकवचात आणि प्रावरणात ते टिकणे शक्यच नाही.

१०/ अडचण मोजणीची होती. एक ग्रॅम खडकातील अणूंची संख्या एकावर बावीस शून्यांहून मोठी. त्यांतून अवघे काही दशलक्ष अणू हुडकायचे होते. कार्नेगी संस्थेतील लुई ब्राउन, फौआद तेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वरकाच्या साहाय्याने हे अणू थेट मोजले.

११/ १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अल्यूशियन बेटे आणि मध्य अमेरिका येथील लाव्हात प्रतिग्रॅम काही दशलक्ष बेरिलियम-१० अणू आढळले. अधोगमनाशी संबंध नसलेल्या तुलनेच्या नमुन्यांत ते दहा लाखांहूनही कमी होते.

१२/ शंका तात्काळ आली : पाऊस तर लाव्हावरही पडतो! म्हणून ताज्या उद्रेकांतील नमुने तपासले गेले. लाव्हातील खनिजे वेगळी करूनही मोजणी झाली. पावसाचा अंश असता तर तो पृष्ठभागी व भेगांत साचला असता. प्रत्यक्षात तो स्फटिकांच्या आतही होता. स्फटिक घडण्यापूर्वीच तो शिलारसात मिसळलेला होता.

१३/ या साक्षीदाराजवळ घड्याळही होते. दहा अर्धायुष्ये, म्हणजे १.४ कोटी वर्षे उलटली की हजारातला जेमतेम एक अणू उरतो. अर्थात गर्तेत शिरण्यापासून ज्वालामुखीतून बाहेर पडेपर्यंतचा प्रवास काही दशलक्ष वर्षांत पुरा होत असला पाहिजे. एरवी अगम्य असलेल्या खोलीतील प्रवासाला प्रथमच कालमर्यादा मिळाली.

१४/ तरीही साक्ष सर्वत्र सारखी नव्हती. निकाराग्वाच्या लाव्हात बेरिलियम-१० विपुल, तर शेजारच्या कोस्टारिकात अत्यल्प. मारियाना बेटांच्या लाव्हातही ते जवळपास आढळले नाही. पण एवढ्यावरून तेथे गाळ खाली जात नाही, असे म्हणता येत नाही. वरचा कोवळा थर खरवडला गेला किंवा प्रवास लांबला, तरी हे समस्थानिक नाहीसे होते. साधनाचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हा इतिहासाचा नियम येथेही लागू पडतो.

१५/ या वादात माणसांचे भवितव्यही गुंतलेले आहे. खाली गेलेले पाणीच शिलारसात वायू होऊन परतते आणि स्फोट घडवते. तांबोरा (१८१५), क्राकाटोआ (१८८३), पिनातुबो (१९९१) हे सारे अधोगमनाचेच ज्वालामुखी. अंदमान समुद्रातील बॅरन बेटही याच साखळीतले. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत आणि दीर्घ शांततेनंतर १९९१ पासून ते पुन्हा जागे झाले आहे.

१६/ कोट्स यांनी १९६२ साली केलेल्या तर्काला भक्कम आधार मिळण्यास वीस वर्षे लागली. तर्क तेव्हाही सुसंगत होता. उणीव होती ती दुसरा अर्थ निघू न देणाऱ्या पुराव्याची. तो मोजता येईल असे यंत्र घडले, आणि एका ग्रॅम राखाडी दगडातून आकाश, समुद्र व पाताळ यांचा जोडलेला इतिहास वाचता आला.