कुलाब्याचे ढग आणि अमेरिकेचा उपग्रह

पावसाळा म्हटला की आपल्या पिढीला कुलाबा वेधशाळा आठवते. मुंबईच्या हवामानाचे अमेरिकेशी एक जुने नाते आहे.

२१ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेने टायरॉस-८ हा उपग्रह सोडला. डोक्यावरून जाताना तो खालच्या ढगांचे चित्र साध्या रेडिओलहरींवर पाठवी आणि कोणत्याही देशाला ते फुकट घेता येई. त्याच सुमारास हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय संशोधन मोहिमेसाठी मुंबईत हवामान केंद्र उभे राहिले होते. तिथे ही चित्रे उतरवणारे यंत्र बसले. भर समुद्रात वेधशाळा कुठून असणार? पण तिथले ढग आता मुंबईत बसून दिसू लागले.

पुढे नोआ उपग्रहांनी १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास हाच रिवाज चालवला. २०१२ नंतर संगणकाला जोडायच्या स्वस्त टीव्ही-रिसीव्हरवरही हे संकेत मिळू लागले. एकाच्या छपरावरची अँटेना इंटरनेटवरून दूरगावची मंडळीही वापरू लागली.

२०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये असे संकेत पाठवणारे शेवटचे तीन नोआ उपग्रह बंद करण्यात आले. ढगांची चित्रे इंटरनेटवर आजही मिळतात, पण मध्ये दुसऱ्याचा संगणक असतो. ती जुनी चित्रे थेट आकाशातून अंगणात उतरत. साठ वर्षे त्यांना कुणी तिकीट लावले नाही, एवढे मुलांना जरूर सांगावे.