रुक्मीची अर्धी प्रतिज्ञा

नायकाला शत्रू पुष्कळ असतात, पण त्यांतला एखादाच त्याचा महाशत्रू ठरतो. असे का व्हावे, हा प्रश्न अमेरिकन चित्रकथांच्या चाहत्यांनी फार चघळलेला आहे. उत्तर बळात नाही, एवढे तर उघड आहे. सुपरमॅन डोंगर हलवतो आणि त्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणून गणला गेलेला लेक्स लूथर हा साधा हाडामांसाचा माणूस असतो. हाच प्रश्न वऱ्हाडात आणून पाहण्यासारखा आहे, कारण पुराणकथांतल्या दोन खलपुरुषांना या भूमीने आपल्या नकाशावर जागा दिली आहे. चिखलदऱ्याला कीचक आहे आणि भोजकटाला रुक्मी.

कीचकाचे आधी पाहू. भीमाने त्याला मारून दरीत लोटले, तो कीचकदरा, आणि त्याचेच पुढे चिखलदरा झाले, असे मेळघाटात सांगतात. भीमाने हात धुतले ते भीमकुंडही दाखवतात. विराटनगर नेमके कुठले, हा वाद अभ्यासकांवर सोडू. राजस्थानातल्या बैराटचा दावा जुना आहे. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की कीचक दुष्ट आहे, बलाढ्य आहे, तरीही तो भीमाचा महाशत्रू नाही. नृत्यशाळेच्या अंधारात आपण कोणाशी झुंजतो आहोत हे त्याला धड कळतही नाही. ज्याला नायकाची ओळखच नाही, त्याचे वैर एका रात्रीत संपते.

कीचक मोठा झाला तो १९०७ साली, खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त. प्रेक्षकांनी त्याच्यात लॉर्ड कर्झनला ओळखले, द्रौपदीत हिंदुस्थानला, धर्मराजात मवाळांना आणि भीमात जहालांना. वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला तर कर्झन परका नव्हता. १९०२ साली निजामाकडून अकोला, अमरावतीसह सारा वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेण्याचा करार त्यानेच केला होता, आणि दुसऱ्या वर्षी हा प्रदेश मध्यप्रांताला जोडला गेला. आपल्या घरात पाहुण्याने काय चालवले आहे ते पाहूनही न पाहिल्यासारखे करणारा विराट राजा इथल्या माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. ज्याच्यावर रूपक केले त्याच्याच राजवटीने रूपक मान्य केल्यासारखे झाले! पण हे मोठेपण कीचकाला उसने मिळालेले होते, बाहेरच्या इतिहासाने दिलेले.

रुक्मीचे प्रकरण वेगळे आहे आणि माझ्या मते अधिक खोल आहे. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तिथल्या भीष्मक राजाचा हा थोरला मुलगा. बहीण शिशुपालाला द्यायची असा त्याचा हट्ट. कृष्णाने तिचे हरण केले. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो पाठलागावर निघाला आणि हरला. कृष्णाने तलवार उचलली तेव्हा रुक्मिणी पाया पडली. मग कृष्णाने त्याला त्याच्याच वस्त्राने बांधले, केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरल्या आणि जिवंत सोडले. यावर बलराम धाकट्या भावालाच बोल लावतो: सोयऱ्याला असे विद्रूप करणे म्हणजे त्याला मारल्यासारखेच.

महाशत्रू जन्मतो तो इथे. नायक त्याला मारू शकतो, पण मारले तर स्वतःचेच काही मोडते. जोकरची गोष्ट याच्याशी ताडून पाहावी. १९४० साली बॅटमॅनच्या पहिल्याच अंकात त्याला मारून टाकायचे ठरले होते. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट घालायला लावली आणि तो वाचला. तिथे संपादकाने जे केले ते इथे बहिणीने केले. उलट मॉरिआर्टीला कॉनन डॉयलने १८९३ साली आणले तेच होम्सचा शेवट करण्यासाठी; एवढा नावाजलेला वैरी प्रत्यक्षात किती थोडी पाने व्यापतो! शिशुपालाच्या कथेतही आई आडवी येते: ती कृष्णाची आत्या, आणि मुलाचे शंभर अपराध पोटात घालण्याचे वचन ती घेऊन ठेवते. पण तो उधारीचा हिशेब आहे, शंभर भरले की खाते बंद. रुक्मीला मुदत नव्हती.

मुदत नव्हती, आणि तरीही तो महाशत्रू झाला नाही. त्याने प्रतिज्ञेचे अर्धेच पालन केले. कुंडिनपुरात तो परतला नाही. भोजकट नावाचे नवे नगर वसवून तिथे राहिला. मात्र कृष्णाला मारायचे राहून गेले. पुढे त्याची मुलगी रुक्मवती कृष्णाच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली गेली, आणि नात रोचना अनिरुद्धाला. वैर मनात आणि विहिणींच्या पंगती दारात, अशी ही अवस्था. महाभारताने त्याची शिक्षा फार थंडपणे दिली आहे. युद्धाच्या तोंडावर तो अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे येतो, भीती वाटत असेल तर मदतीला आहे म्हणतो. अर्जुन नको म्हणतो. मग दुर्योधनाकडे जातो. तोही नको म्हणतो. ज्याचे वैर कोणालाच लागत नाही, त्याच्या मैत्रीलाही गिऱ्हाईक नसते.

भोजकट मात्र टिकले. ते अमरावतीजवळचे भातकुली असे मानतात. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात, म्हणजे पाचव्या शतकात, भोजकट हे राज्याचे नाव म्हणून येते. हरलेल्या माणसाच्या हट्टातून जन्मल्याचे पुराणे सांगतात ते नगर, वाकाटकांच्या दप्तरात मुलखाची ओळख होऊन बसलेले दिसते.

आणि याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. ते लग्नात गायचे गाणे. पण ज्या घरातून वधू पळवून न्यावी लागली त्या घरचा भाऊ त्या मांडवाबाहेर उभा आहे, हे ऐकणाऱ्या बायकांना ठाऊक असणारच. खलनायक शिकवताना आपण वर्गात त्याला नायकासमोर उभा करतो. बहिणीच्या बाजूने पाहिले तर तो खलनायक आधी माहेर असतो.

शेवटही लग्नातच आहे. रोचनेच्या लग्नानंतर भोजकटात द्यूत मांडले गेले. रुक्मीने लबाडी केली, बलरामाला गुराखी म्हणून हिणवले, आणि सोयऱ्याच्या मिशा भादरल्या म्हणून एके काळी कळवळलेल्या त्याच बलरामाने त्याला परिघाने ठार केले. कृष्ण तिथेच होता. भागवत सांगते की रुक्मिणी आणि बलराम या दोघांचा स्नेह तुटेल या भयाने तो बरे म्हणाला नाही की वाईट म्हणाला नाही. नवरा-नवरीला रथात बसवून सारे द्वारकेला निघाले. पहिल्या खेपेला भावासाठी पाया पडलेल्या रुक्मिणीच्या तोंडी या खेपेला एकही शब्द नाही.