देहचिन्हे व असत्यपरीक्षा

न्यायसभेत वादी, प्रतिवादी किंवा साक्षीदार खोटे बोलत असल्याचा संशय निर्माण करणारी शारीरिक लक्षणे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्वर, वर्ण, नेत्र, हालचाली इत्यादींवरून मनोभाव ओळखण्यास सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात एका जागी स्थिर न राहणे, ओठांच्या कडा चाटणे, कपाळास घाम येणे, चेहऱ्याचा रंग पालटणे, स्वर कोरडा पडून अडखळणे व नजरेस नजर न देणे ही लक्षणे दिली असून अशी व्यक्ती दोषी समजावी, असे म्हटले आहे.

या स्मृतीवरील मिताक्षरा टीकेत (सु. ११००) विज्ञानेश्वराने मात्र या नियमास मर्यादा घातली. त्याच्या मते या लक्षणांवरून दोषाची केवळ शक्यता कळते, निश्चय होत नाही; कारण स्वाभाविक विकार व प्रसंगजन्य विकार यांतील भेद ओळखणे कठीण असते. मरणाची चिन्हे दिसली, म्हणून जिवंत माणसाची उत्तरक्रिया कोणी करीत नाही, असा दृष्टांत त्याने दिला आहे. भयाने निरपराध माणसासही घाम फुटतो. त्यामुळे हा इशारा न्यायदानात महत्त्वाचा ठरतो. चार्ल्स बाँड व बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या एकत्रित आढाव्यात, विशेष साधनांविना खरे-खोटे ठरविणाऱ्यांचे निर्णय सरासरीने ५४ टक्केच बरोबर असल्याचे दिसून आले.