सिंह, जसवंत

सिंह, जसवंत : (३ जानेवारी १९३८ – २७ सप्टेंबर २०२०). भारतीय राजकारणी, लेखक व माजी सेनाधिकारी. जन्म राजस्थानातील बाडमेर भागातल्या जसोल गावी. सैन्याची नोकरी १९६० च्या दशकातच सोडून ते राजकारणात आले. १९८० मध्ये राज्यसभेवर निवड झाली. वाजपेयी मंत्रिमंडळात त्यांनी परराष्ट्र, संरक्षण आणि अर्थ ही खाती सांभाळली. पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे तत्कालीन उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांच्याशी त्यांनी केलेली प्रदीर्घ बोलणी ही त्यांची सर्वांत भरीव कामगिरी. डिसेंबर १९९९ मध्ये अपहृत भारतीय विमानातील प्रवाशांच्या बदल्यात सोडलेल्या अतिरेक्यांबरोबर कंदाहारला गेल्याबद्दलची टीका मात्र त्यांना अखेरपर्यंत चिकटली.

त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. डिफेंडिंग इंडिया  व अ कॉल टू ऑनर  या पुस्तकांपेक्षा गाजले ते २००९ मधील जिनांचे चरित्र. फाळणीचा दोष एकट्या जिनांवर न टाकता नेहरू-पटेलांकडेही बोट दाखवल्याने प्रकाशनानंतर दोनच दिवसांत त्यांच्याच पक्षाने, भाजपने, त्यांना काढून टाकले. गुजरात सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली. २०१० मध्ये ते पक्षात परतले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर बाडमेरमधून अपक्ष लढले आणि हरले. त्याच वर्षी पडून डोक्याला मार लागल्यावर ते कोमात गेले. दिल्लीत त्यांचे निधन झाले.