मलमाच्या ट्यूबची कुळकथा

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या आठवडी बाजारात, धानाची रोवणी सरत आलेली आणि गावोगावच्या बायांच्या कमरा अजून वाकलेल्याच असताना, औषधाच्या दुकानाच्या फळीपाशी उभ्या राहिलेल्या एका वृद्ध बाईचे मागणे माझ्या कानी पडले. ‘भाऊ, तो थंडा लागते ना, तो मलम द्या जी.’ दुकानदाराने लांबट खोक्यातली तीस ग्रॅमची ट्यूब तिच्या हाती ठेवली. तिने पदराची गाठ सोडून पैसे दिले, तिथेच आडोशाला जाऊन झाकण फिरवले, बोटभर जेल कमरेला आणि उरलेले गुडघ्याला खसाखसा चोळले, आणि त्याच बोटांनी शेजारच्या गाड्यावरचे भजे तोडून अर्धे नातवाच्या तोंडात घातले. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचे समाधान होते, आणि त्या समाधानाला कोणी नावे ठेवावीत असे मुळीच नव्हते. परंतु त्या ट्यूबमध्ये काय आहे, ते कोठून आले आणि ते अंगावर कसे वागवावे, हे तिला सांगावयास कोणी उरले नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जाईना.

तिने ‘मलम’ म्हटले ते बरोबरच होते. अरबी ‘मरहम’ फारसीच्या वाटेने आपल्या मुलखात दाखल झाला आणि हुकूम, दप्तर, कचेरी यांच्या बरोबरीने मराठीच्या घरात असा रुळला, की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. ‘लेप’ हा त्याहून जुना, संस्कृताचा वारसा. आणि खोक्यावर छापलेला ‘जेल’ हा या कुळातला सर्वांत धाकटा. लॅटिनमधल्या गोठणे या अर्थाच्या धातूपासून जिलेटिन झाले आणि जिलेटिनचे शेपूट तोडून थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा आखूड शब्द रूढ केला. लेप, मलम, जेल या तीन शब्दांत तीन काळ आहेत. पण आपल्या बोटांना मात्र त्यांतला भेद ठाऊक नाही, आणि सारी अडचण तेथेच आहे.

लेप लावण्याला आपल्याकडे एके काळी विधी होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अठरावा अध्याय ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातली काटेकोर दृष्टी थक्क केल्यावाचून राहत नाही. प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे लेपाचे तीन प्रकार. जाडी किती, तर म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी. लावावयाचा तो लोमांच्या उलट दिशेने, म्हणजे तो नीट बसतो आणि रोमकूपांतून आत शिरतो. रात्री लावू नये. वाळू लागला की अंगावर ठेवू नये. शिळा वापरू नये. आणि एका लेपावर दुसरा लेप कदापि चढवू नये. द्रव्य कोणते, याइतकीच ते किती, कोठे, किती वेळ आणि कशासमवेत नको, याची चिंता त्या ग्रंथकाराला होती. त्याची उपपत्ती आजच्या शास्त्राला मान्य होवो न होवो, त्याची शिस्त मात्र आजच्या औषधालाही लागू पडावी अशी आहे.

या भागातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, घरांत ही शिस्त ग्रंथातून आली नव्हती; ती अनुभवाने आली होती. पाय मुरगळला तर आंबेहळद उगाळून कोमट लेप, सांधे धरले तर निरगुडीच्या पाल्याचा शेक, थंडीत अंग आखडले तर मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल. आणि बिबा! बिब्याच्या तेलाने ठणका ओढून निघतो अशी समजूत असल्यामुळे तो गुडघ्यावर, कमरेवर टोचला जाई. परंतु तो ‘उततो’, कातडीवर फोड आणतो आणि जन्मभराचे डाग ठेवतो, हे प्रत्येक घरातील म्हातारीला माहीत असल्यामुळे बिब्याला हात लावताना ती दहा वेळा बजावी. बिब्याची शिफारस मी करीत नाही. त्याने भाजलेली कातडी पाहिलेला कोणीच करणार नाही. मला म्हणावयाचे ते इतकेच, की ज्या वस्तूत जोर आहे तिचे भय बाळगावे, हे त्या म्हातारीला कळत होते.

हे भय घालवले ते बामच्या बाटलीने. 1893 साली मुंबईत काशिनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या उद्योगी गृहस्थांनी अमृतांजन सुरू केले, गाण्याच्या मैफलींत ते फुकट वाटले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ती पिवळी बाटली देवघरातल्या हळदीकुंकवाच्या करंड्याइतकी घरगुती झाली. बामचे काम मुख्यतः संवेदनेचे आहे. पुदिन्याच्या कुळातून मिळणारे मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चाळवते, त्या गारव्याच्या गलबल्यात खालचा ठणका झाकला जातो, आणि सूज मात्र जिथल्या तिथे राहते. अशी वस्तू दिवसातून कितीही वेळा, कितीही जागी चोळण्याची सवय तीन पिढ्यांना लागली. ती सवय जशीच्या तशी नव्या ट्यूबवर आली.

आणि नवी ट्यूब ही वस्तू मुळातच निराळ्या कुळातली आहे. त्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे युरोपातील वाळुंजाची साल. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने ती ज्वरावर चालते असे 1763 साली रॉयल सोसायटीला कळवले. 1828 साली म्यूनिकच्या योहान बुखनरने तिच्यातून सॅलिसिन हे कडू पिवळसर द्रव्य वेगळे काढले. त्याच घराण्यात 1897 साली बायरच्या प्रयोगशाळेत अॅस्पिरिन जन्माला आले. तथापि हे औषध वेदना का शमवते, याचा उलगडा होण्यास आणखी पाऊणशे वर्षे लागली. 1971 साली जॉन वेन यांनी दाखवून दिले, की शरीरात सूज आणि ठणका उत्पन्न करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्याची क्रियाच ते रोखून धरते. या संशोधनाबद्दल त्यांना 1982 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात, मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह सांभाळतात. म्हणून या घराण्यातले प्रत्येक औषध जेथे गुण देते तेथेच अवगुणही पोटात बाळगून असते, आणि त्याला सौम्य म्हणणे ही आपली गैरसमजूत आहे.

स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे सिबा-गायगी या औषध कंपनीच्या आल्फ्रेड झालमान आणि रुडॉल्फ फिस्टर यांनी घडवलेले डायक्लोफेनॅक 1973च्या सुमारास बाजारात आले ते याच घराण्याचे अपत्य. गोळीने पोट बिघडते म्हणून तेच औषध दुखऱ्या जागेवरच पोचवावे, या विचारातून त्याचे जेल पुढे निघाले. पाणी, थोडे मद्यार्क आणि मेदांश यांच्या जाळ्यात औषध धरून ठेवलेले. मद्यार्क उडून गेले की गारवा वाटतो आणि औषध कातडीत उतरू लागते. गोळी पोटात घेतली असता रक्तात जेवढे औषध फिरते, त्याच्या सुमारे सहा टक्केच एका गुडघ्याला रीतसर जेल लावल्याने फिरते, असे मोजून पाहिलेले आहे. सहा टक्के म्हणजे थोडे. पण शून्य नव्हे, आणि मर्यादा ओलांडून कमर, दोन्ही गुडघे, खांदे, पोटऱ्या असे सर्वांग माखले तर थोडेही राहत नाही.

त्या दिवशी मी तशीच एक ट्यूब विकत घेतली आणि पाठीमागचा बारीक मजकूर उजेडात धरून वाचला. डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन 1.16 टक्के, मिथाईल सॅलिसिलेट 10 टक्के, मेंथॉल 5 टक्के, आणि ओलियम लिनी 3 टक्के. या शेवटच्या लॅटिन नावापाशी मी थांबलो. ओलियम लिनी म्हणजे जवसाचे तेल! धान उभे असतानाच बांधीतल्या ओलाव्यावर उतेरा म्हणून ज्याचे बी फेकतात, ज्याची निळी फुले हिवाळ्यात या भागातल्या शेतांत डोलतात आणि ज्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, तेच जवस. मिथाईल सॅलिसिलेट हे गंधपुऱ्याच्या तेलाचे सार, म्हणजे वाळुंजाच्या सालीचा चुलतभाऊ; मेंथॉल हा बामचा वारसा. एका बोटभर ट्यूबमध्ये शेतातले जवस, बाटलीतला बाम आणि प्रयोगशाळेतले औषध अशी तीन कुळे एकत्र नांदतात. बाईला जो ‘थंडा’ लागत होता तो मेंथॉलचा. ज्याला जपावयाचे होते ते औषध मात्र तिला कोणत्याच संवेदनेने कळत नव्हते.

तेव्हा सुश्रुताचीच शिस्त या नव्या लेपाला लावू. किती? प्रौढ माणसाने एका जागेसाठी एका वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन किंवा चार वेळा, त्याहून अधिक नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. अशा चार रेघा म्हणजे दोन ग्रॅम. हा हिशेब नीट पाळला तर तीस ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपते. दोन आठवडे होऊनही दुखणे तसेच असेल तर ट्यूब बदलावयाची नाही, डॉक्टर गाठावयाचा. कोठे? धड कातडीवर, जखम, ओरखडा, खरूज, नायटा यांवर नाही, डोळे, तोंड आणि नाजूक जागा यांच्या आसपास नाही. कसे? हलक्या हाताने; जोराने चोळल्याने औषध अधिक शिरत नाही, सुजलेली जागा मात्र दुखावते. वरून घट्ट पट्टी बांधू नये, गरम विटेचा किंवा पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये, कारण उष्णतेने आणि कोंडीने मिथाईल सॅलिसिलेट नको तितके आत ओढले जाते आणि कातडी भाजते; लेप आणि शेक ही आपली जुनी जोडी येथे मोडलीच पाहिजे. लावलेली जागा उन्हात उघडी टाकू नये. आणि लावून झाले की साबणाने हात धुवावेत, भज्याला हात लावण्यापूर्वी. उपचार हाताच्या बोटांवरच असेल तर काही वेळ जाऊ द्यावा आणि तोवर अन्नाला शिवू नये.

हे औषध कोणाला वर्ज्य, हाही तपशील टाळता येण्याजोगा नाही. अॅस्पिरिनने किंवा दुखण्याच्या गोळीने ज्यांना दमा उसळतो किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांनी ते मुळीच लावू नये. ज्यांना पोटात व्रण आहे, ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, जे रक्त पातळ करण्याची गोळी घेतात, त्यांनी विचारल्यावाचून लावू नये. गर्भवतीने, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, स्वतःच्या मनाने मुळीच नाही. बारा वर्षांखालील मुलांना नाही. जेल लावून वर त्याच घराण्याची गोळीही घेणे म्हणजे लेपावर लेप चढवणेच होय. आणि ज्या कारणासाठी रोवणीनंतर ट्यूबा खपतात, त्या कमरेच्या दुखण्यावर तिचा भरवसा सर्वांत कमी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिची परीक्षा मुख्यतः गुडघे, हाताचे सांधे, लचक आणि मुरगळा यांवर झालेली आहे. पाठीचे आणि खुब्याचे सांधे इतके खोल असतात, की वरून लावलेले औषध तेथवर पोचणे कठीण.

या जिल्ह्यात आणखी एका गोष्टीची धास्ती वाटते. सिकलसेलचा आजार येथल्या अनेक घरांत वस्ती करून आहे, आणि लहान मुलाचे हातपाय, सांधे अकस्मात असह्य दुखू लागणे हे त्याचे लक्षण असू शकते. खेळताना लचकला असेल म्हणून त्या मुलाला मलम चोळत घरी ठेवणे धोक्याचे. त्याला पाणी पाजावे, ऊब द्यावी आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

या औषधाच्या कुळकथेतले सर्वांत दुःखद प्रकरण माणसाच्या अंगावर घडलेच नाही. गुराढोरांच्या दुखण्यावर स्वस्त म्हणून डायक्लोफेनॅकची इंजेक्शने सरसकट दिली जाऊ लागली, आणि 1990च्या दशकात भारतातील गिधाडे पटापट नाहीशी होऊ लागली. पंधरा वर्षांच्या आत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरात एकही उरले नाही. 2004 साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांची तपासणी करून कारण उजेडात आणले: औषध टोचलेले जनावर मेले, गिधाडांनी ते खाल्ले, त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढून ती मेली. 2006 साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनास सरकारने मनाई केली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळू लागल्या तेव्हा 2015 साली इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती ठेवण्याचा हुकूम निघाला. गडचिरोलीच्या जंगलात जी थोडी गिधाडे वाचली, त्यांच्यासाठी वनखात्याने चामोर्शी तालुक्यातील कुनघाडा परिसरात आणि इतरत्र कुंपण घालून, औषधापासून मुक्त असे मृत जनावर ठेवण्याच्या जागा केल्या. लोक त्यांना गिधाडांचे उपाहारगृह म्हणतात. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या देवळांवर ज्यांच्या घिरट्या एके काळी कोणी मोजीत नव्हते, त्यांची आता नोंद ठेवावी लागते.

दोष ट्यूबमधल्या जेलचा नव्हता, इंजेक्शनचा होता, हे खरे. तरी जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्याला, लंगडणाऱ्या गाईच्या गुडघ्याला घरातली ट्यूब लावावी असा मोह शेतकऱ्याला होतो. पण जनावर ते चाटते, म्हणजे औषध थेट पोटात जाते. शेतकरी बंधूंना माझी विनंती आहे, की तसे करू नये. गुरांच्या दवाखान्यात मेलोक्सिकॅम मिळते. त्याने बैलाचा ठणकाही थांबतो आणि गिधाडही मरत नाही.